पुसायचं राहिलेलं घर

१

ऑफिसात पोचलं की मी आधी मशीनचा पाणचट चहा घेते आणि मग सर्व्हरच्या मेमरीचा आलेख उघडते. सवयच आहे. अंधेरीला चकाल्यात आमचं ऑफिस, आणि तिथं माझ्या टेबलाला खिडकी नाही. तो आलेख हीच माझी खिडकी.

आमच्या कंपनीचं ॲप म्हणजे 'हाक'. सोसायटीतल्या प्रत्येक घरात भिंतीवर एक छोटं पॅनल असतं. बटण दाबलं की वॉचमनशी बोला, शेजारच्यांशी बोला. घरच्या माणसाला फोनवरून थेट घरातही हाक मारता येते. पॅनल ती आपोआप उचलतं. आई ऑफिसात, मूल घरी, अशा लोकांना ते फार आवडतं.

बोलताना नेट अडखळलं तर आवाज तुटू नये म्हणून शेवटचा थोडा आवाज आम्ही सर्व्हरच्या मेमरीत धरून ठेवतो. डिस्कवर काहीही लिहीत नाही. प्रत्येक तुकड्याला टाइमर असतो. वेळ संपली की तो पुसला जातो. कुणी तो ऐकला तर टाइमर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातातून मध्येच काही निसटू नये. आणि हे सगळं करूनही जागा कमी पडली, तर ज्याला बराच काळ कुणी विचारलेलं नाही ते फेकून देणारा एक प्रोग्रॅम आहे. त्याला आम्ही ऑफिसात 'झाडू' म्हणतो.

त्यामुळे आलेख दिवसभर चढतो आणि उतरतो. सकाळी कामवाल्या, दूधवाले, कुरिअरवाले आले की वर; दुपारी सगळे जेवून लवंडले की खाली.

त्या सोमवारी दुपारी तो खाली आला नाही.

"झाडू चालू आहे ना?" मी धवलला विचारलं. धवल माझ्या शेजारी बसतो. घाटकोपरचा, गुजराती, पण मराठी माझ्यापेक्षा जोरात बोलतो.

"चालू आहे गं. झाडतोय, पण काही निघत नाहीये." त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बघ ना, सगळं कोणीतरी नुकतंच वापरलेलं दिसतंय. वापरातलं सामान तो कसं फेकणार?"

२

एखाद्या सोसायटीच्या पॅनलमध्ये बिघाड असेल असं वाटून आम्ही शोधायला बसलो. जागा अडवून बसलेले बहुतेक सगळे तुकडे एकाच सोसायटीचे निघाले. धवलनं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

सहजीवन, गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व.

मी त्या बिल्डिंगमध्ये जन्मले. माझे वडील, ज्यांना अख्खी बिल्डिंग भाऊ म्हणायची आणि म्हणून मीही भाऊच म्हणते, तिथले सेक्रेटरी होते. तरुणपणी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर. 'हाक' अजून कुणी घेत नव्हतं तेव्हा त्यांनी सगळ्या घरांत फिरून लोकांना गळ घातली होती, "माझ्या चेडवान केल्यानी हा, लावून तर बघा." आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. आमची पहिली सोसायटी तीच. आई तेव्हा नव्हती. ती आदल्या वर्षीच गेली होती. पॅनल लावायला माणूस आला तेव्हा भाऊंनी ते स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावून घेतलं. मी म्हटलं, हॉलमध्ये लावा, तर म्हणाले, "घरात बोलणं सगळं इथंच व्हायचं."

"पण तुमची बिल्डिंग रिकामी झाली ना?" धवलनं विचारलं.

झाली होती. रीडेव्हलपमेंटला गेली. पावसाळ्यापूर्वीच सगळी कुटुंबं भाड्याच्या जागांमध्ये पांगली. भाऊ माझ्याकडे बोरिवलीला आले. पाणी तोडलं, वीज तोडली. पाडायचं काम कधीही सुरू होणार होतं.

"मग जुनं काहीतरी अडकलंय," मी म्हटलं. "पॅनल अचानक बंद पडली, टाइमर लागलेच नाहीत, तुकडे तसेच लटकत राहिले. सोपं आहे."

"जुनं असतं तर वाढलं नसतं," धवल म्हणाला. "हे बघ. आत्ता एक आला. आणि हा अजून एक."

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. रिकाम्या बिल्डिंगमधून आवाज येत होता आणि कुणीतरी तो ऐकत होतं.

३

गिऱ्हाइकाचा आवाज ऐकायचा नाही, हा आमचा कडक नियम. पण हे तर माझंच घर होतं. तिसरा मजला, आमचाच ब्लॉक. मी हेडफोन लावले.

आधी नुसतीच खरखर. मग कबुतरं. पंख्याचा तो टक्‌-टक्‌ आवाज, एका पात्याला लागलेला. लांब कुणीतरी बादलीत नळ सोडलेला, बादली भरत आल्यावर आवाज बारीक होत जातो तसा होत गेलेला. जिन्यात कुणीतरी स्लीपर फटफटवत उतरलं. मला एकदम दुपारचे तीन वाजल्यासारखं वाटलं. शाळेतून आलेय, दप्तर फेकलंय, फरशीवर पालथी पडलेय आणि फरशी पोटाला गार लागतेय.

आणि मग विळीवर नारळ खवल्याचा आवाज सुरू झाला.

खर्रक, खर्रक, खर्रक. मग थांबणं. मग पुन्हा खर्रक. आई नारळ खवताना मध्येच थांबून चिमूटभर खोबरं तोंडात टाकायची. मी बघतेय असं दिसलं की मलाही द्यायची आणि म्हणायची, भाऊंना सांगू नको.

मी हेडफोन काढले.

डोकं मात्र चालू होतं. रिकाम्या बिल्डिंगमध्ये ठेकेदाराचे मजूर राहतात, हे मुंबईत कुणालाही माहीत आहे. एखाद्या मजुराची बायको आमच्या स्वयंपाकघरात संसार मांडून बसली असेल. नारळ काय, कुणीही खवतं. वीज त्यांनी कुठून तरी ओढली असेल, पॅनल चालू राहिलं असेल. सगळं बसत होतं.

"मला दे," म्हणत धवलनं हेडफोन घेतले. थोडा वेळ ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "झकास वाटतं यार. कोणीतरी घरात काम करतंय. सुट्टीत आजीकडे गेल्यासारखं." मग तो थांबला. "आणि गुणगुणतंय पण. तुला आलं ऐकू?"

मला आलं नव्हतं. मी पुन्हा हेडफोन लावले नाहीत.

४

बोरिवलीला घरी पोचले तेव्हा भाऊ गॅलरीत खुर्चीवर बसले होते. डोळे मिटलेले, फोन कानाला. बोलत नव्हते. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा टाकला, तरी ते तसेच. गेले काही महिने ते असेच बसायचे. मला वाटायचं, गावच्या कुणाचं तरी लांबलचक ऐकून घेतायत.

मी जवळ जाऊन पडद्यावर बघितलं. 'हाक' उघडं होतं. सहजीवन. आमचं घर.

"भाऊ, काय ऐकताय?"

त्यांनी डोळे उघडले. चोरी पकडल्यासारखं काही नाही, उलट मी विचारलं याचा आनंदच झाला असावा. "आपल्या घरचं गो. तू बस."

"घरी कोण आहे आता?"

"आता ती मसाला वाटता हा." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. "सुरुवातीला इथं मला झोपच येईना. तुझं घर चांगलं आहे, पण आवाजच नाय गो. म्हणून एकदा दुपारी सहज लावून बघितलं. म्हटलं, रिकामं घर कसं वाजतं ते तरी ऐकू. तर जानकीकाकूंचा आवाज आला. जिन्यात भांडतायत. मग रोज लावतो. हळूहळू सगळी इली. ती शेवटी इली."

"आई?"

"बोलत नाय फारसं. काम करता. पण आसा थंय, घरात."

मी त्यांच्या बाजूला बसले. त्यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला, पूर्वी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना ट्रान्झिस्टर धरायचे तसा. बोरिवलीच्या त्या गॅलरीत मुलुंडची दुपार चालू झाली. समोरच्या जानकीकाकू कुणाला तरी वाळवणावरून ओरडत होत्या. खालच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुलं पाढे म्हणत होती. आमच्या घरात भांडी एकावर एक ठेवली जात होती, ताटं आधी, मग वाट्या. मला खरंच सांगायचं तर भीती कुठल्या कुठे गेली. मी भाऊंच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग ती पॅनलजवळ आली. पदराची सळसळ झाली, बांगड्या वाजल्या.

"भाऊ," आईचा आवाज म्हणाला. "येतास मां?"

मी सरळ बसले.

आई भाऊंना भाऊ म्हणायची नाही. कधीच नाही. सगळी बिल्डिंग म्हणायची, मी म्हणायचे, पण ती एकटी 'अहो' म्हणायची. रागावली तरी अहो, आजारपणात पाणी मागायचं तरी अहो.

"भाऊ, ती तुम्हाला भाऊ म्हणाली."

"आजकाल तसंच म्हणते," ते म्हणाले आणि फोन माझ्यापासून जरा लांब सरकवला. "पहिल्यांदा अहोच म्हणायची."

५

दुसऱ्या दिवशी मी धवलला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्यानं तो कालचा तुकडा शोधून उघडला आणि बराच वेळ बघत बसला.

"हा एका घरातला आवाजच नाहीये," तो शेवटी म्हणाला. "मेमरीत पुसलं की मध्ये मध्ये भोकं पडतात ना, आणि नवीन आलेलं त्या भोकांत भरलं जातं? तसं झालंय. 'येतास' तुमच्या घरातलं. 'भाऊ' समोरच्या ब्लॉकमधलं. बांगड्या वरच्या मजल्यावरच्या. कोणीतरी उरलेले तुकडे गोळा करून माणूस शिवतंय."

"तू म्हणालास 'येतास' आमच्या घरातलं. पण आई असताना पॅनल नव्हतं."

"ते मला नको विचारू," धवल म्हणाला.

दुपारी सर्वेश केबिनमधून बाहेर आला. सर्वेश आमचा मॅनेजर, ओरडणारा माणूस नाही. पण चेहरा उतरला होता. जोगेश्वरीच्या एका सोसायटीत सुंदराबाई नावाच्या एकट्या राहणाऱ्या आजी बाथरूममध्ये पडल्या. रांगत पॅनलपर्यंत आल्या, बटण दाबत राहिल्या. सर्व्हरला जागाच उरली नव्हती. त्यांची हाक कुणापर्यंत गेली नाही. कामवाली आली तेव्हा त्या दाराशी पडलेल्या सापडल्या. हॉस्पिटलमध्ये होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं.

"रुचिरा, ते मुलुंडचं जे काही आहे ते आज काढून टाक," सर्वेश म्हणाला. "कारण नंतर शोधू."

आम्ही काढलं. तुकडे गेले आणि आमच्या डोळ्यांदेखत परत आले. एका टोकाला कुणीतरी ऐकत होतं आणि दुसऱ्या टोकाला पॅनल पाठवत होतं. ही दोन टोकं सोडवल्याशिवाय काही उपयोग नव्हता. ऐकणारं टोक कोण हे मला माहीत होतं.

मी घरी फोन लावला. भाऊंनी उचलला नाही. शेजारच्या गार्गीला जाऊन बघायला सांगितलं. तिनं परत फोन केला. "काका ठीक आहेत गं. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, पिशवी भरून. म्हणतात मुलुंडला जायचंय, बायको वाट बघतेय." गार्गीनं आवाज खाली आणला. "तू म्हणाली होतीस ना, काकू गेल्या म्हणून?"

मी तिला भाऊंकडे फोन द्यायला लावला.

"भाऊ, तुम्ही निघू नका. मी जाऊन बघून येते. मग तुम्हाला नेते."

"खरंच नेशील?"

"नेते."

"मग तिला सांग, येतोय म्हणून," भाऊ म्हणाले. "तिला वाट बघायची सवय नाय."

६

सहजीवनच्या गेटवर पत्रे लावले होते. आतल्या वॉचमनला मी सांगितलं, इथंच राहायचे, शेवटचं बघून येते. अशी माणसं त्याच्याकडे रोज येत असावीत. "संभालके जाना मॅडम, रेलिंग निकाल दिया है," एवढंच तो म्हणाला. वर कुणी मजूर राहतात का, विचारलं. कुणीच नाही, म्हणाला. रात्री तो स्वतःसुद्धा गेटच्या बाहेर झोपायचा.

ऊन चांगलंच होतं. जिना चढून वर गेले. सगळ्या घरांची दारं, खिडक्यांचे गज, नळ, फरशीच्या लाद्यासुद्धा काढून नेल्या होत्या. दारं नसलेली घरं ओळीनं उघडी. जानकीकाकूंच्या भिंतीवर देव्हाऱ्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता. आमच्या घरात मी दाराच्या चौकटीतून शिरले नाही; चौकटच नव्हती. भिंतीतल्या भोकातून शिरले.

हॉल इतका लहान होता? याच खोलीत आम्ही पाच-सहा पाहुणे झोपवायचो. पंख्याच्या जागी हूक होता. गॅलरीतून येणारं ऊन नेहमी जिथं पडायचं तिथंच पडलं होतं, फक्त त्याच्याखाली लादी नव्हती, माती होती. मी त्या उन्हात जरा वेळ उभी राहिले. मला रडायला येईल असं वाटलं होतं. आलं नाही, कारण घर इतकं शांत होतं की रडायचीही लाज वाटली.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी पॅनल नव्हतं. भिंतीतून तीन कापलेल्या वायरी बाहेर आल्या होत्या. टोकं गंजलेली.

एका कानाला ऑफिसनं दिलेला मोबाइल होता, त्यावर धवल होता. "काढलंस का पॅनल?"

"पॅनल नाहीचे."

"म्हणजे?"

"काढून नेलंय. कधीच."

त्याच्या मागे ऑफिसातला प्रिंटर चालू होता, आणि तो आवाज मला फार जवळचा वाटला.

मी माझा स्वतःचा फोन काढला. 'हाक' उघडलं. आमचं घर दाबलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

पंखा. टक्‌, टक्‌. कबुतरं. नळ. आणि खर्रक, खर्रक, खर्रक. एका कानात भरलेलं घर होतं, आणि मी उभी होते त्या खोलीत काहीही नव्हतं. मी मुद्दाम पाय आपटला. माती दबली, आवाज झाला नाही. फोनमध्ये मात्र लादीवर चप्पल वाजली.

खवणं थांबलं.

विळी मोडून बाजूला ठेवल्याचा आवाज. गुडघ्यांवर हात देऊन उठताना आई सोडायची तो उसासा. मग पावलं, स्वयंपाकघरातून दाराकडे. मी फोनमध्ये ऐकत होते आणि दाराच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. माझं मन सांगत होतं, तिथं काही नाही, ऊन आहे, माती आहे, ही सगळी मेमरीतली अडगळ आहे. पावलं दाराशी येऊन थांबली.

"इलंस बाय?" फोनमधून आई म्हणाली.

मला फक्त 'हो, आले' म्हणायचं होतं. इतकी वर्षं कुणी मला बाय म्हटलं नव्हतं.

"रुचिरा," दुसऱ्या कानात धवल. "ऐकणारं अजून एक टोक चालू आहे. बोरिवलीहून. मी दोन्ही एकदम कापू शकतो. सगळं काढू? की तुझ्यासाठी एखादा तुकडा बाजूला ठेवू?"

मी उत्तर देणार तोच फोनमध्ये भाऊंचा आवाज आला. ऑफिसच्या नाही, माझ्या फोनमध्ये. आमच्या घरातून. धापा टाकत, जिना चढून आल्यासारखा. "आलो गो. आलो."

आणि दाराच्या कडेवर एक हात आला.

भिंतीच्या पलीकडून, कोपरापर्यंतच दिसला. बोटं आईची होती. ती मी कुठेही ओळखीन. मनगट तिचं नव्हतं. ते म्हाताऱ्या पुरुषाचं होतं, वर भाऊंच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही, कफाचं बटण नीट लावलेलं. आणि त्या बाहीला कोपराजवळ एक पिवळी झालर शिवलेली होती. लहान मुलीच्या फ्रॉकची. तो फ्रॉक माझा होता. हात भिंत चाचपत पुढे सरकत होता, काहीतरी कमी पडत असल्यासारखा.

"सगळं काढ," मी ओरडले. "धवल, सगळं, आत्ता!"

फोनमधला पंखा मध्येच थांबला. टक्‌ झालं, पुढचं टक्‌ आलं नाही. दाराच्या जागेत ऊन होतं.

७

बोरिवलीपर्यंत मी रिक्षानं गेले. मधल्या सगळ्या वाटेत घरी फोन लावत होते आणि भाऊ उचलत नव्हते.

ते सोफ्यावर बसून टीव्ही बघत होते. गार्गी त्यांच्यासोबत होती. भाऊंनी मला बघून हात वर केला. मी त्यांच्या पायाशी खाली बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन मनगटापर्यंत, कोपरापर्यंत चाचपला. गरम होता. त्यांचाच होता.

"काय गो? काय झालं?" ते हसले. मग स्वतःच्या शर्टाकडे बघितलं, पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. "मी खंय जायत होतंय?"

"कुठे नाही. फिरायला."

"हां," ते म्हणाले. त्यांना पटलं.

आलेख त्या संध्याकाळपासून सरळ झाला. चढतो, उतरतो. सर्वेशनं सगळ्यांना जेवायला नेलं. सुंदराबाईंचं ऑपरेशन नीट झालं, त्या घरी आल्या. मी त्यांना भेटून आले, नवीन पॅनल स्वतः त्यांच्या पलंगाजवळ खाली लावून दिलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी योग्य तेच केलं याबद्दल मला शंका नाही. असं मी धवललाही सांगते.

मग एका रविवारी भाऊ भिंतीवरच्या फोटोसमोर उभे होते. हार बदलायचा म्हणून काढला होता, तो हातातच.

"ही नीला," ते म्हणाले. "तुझी आई."

"हो भाऊ."

"नारळ खवताना मध्येच थांबायची. खोबरं खायची." पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणाले. मग माझ्याकडे वळले. इतके घाबरलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते, गिरणी बंद पडली तेव्हाही नाही. "ही बोलायची कशी गो?"

मी तोंड उघडलं. मला सांगता येईल असं मला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं. ती काय काय म्हणायची ते सगळं मला येतं. अहो म्हणायची, बाय म्हणायची, भाऊंना सांगू नको म्हणायची. शब्द सगळे आहेत. मी इथं लिहिलेलं सगळं असंच, शब्दांवरून लिहिलंय. ऐकू मात्र काहीच येत नाही. आई तोंड हलवते आणि खोली गप्प असते.

मी त्यांच्या हातातला हार घेतला आणि फोटोला घातला.

८

सहजीवन पाडून झाली. त्या आठवड्यात जानकीकाकूंचा फोन आला. त्या आता कांजूरमार्गला भाड्यानं राहतात, लेकाजवळ. आधी इकडचं तिकडचं बोलल्या. भाऊंची तब्येत, लेकाची नोकरी, कांजूरला येणारा कचऱ्याचा वास. मला कळत होतं की त्या कशाला तरी वळसा घालतायत.

"रुचिरा, हसू नको हां," शेवटी म्हणाल्या. "म्हातारपण, दुसरं काय. सकाळपासून डोक्यात घोळतंय. आपण सहजीवनमध्ये... आमचं घर तुमच्या वर होतं, की समोर?"

तीस वर्षं दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची. त्यांच्या कढईतला घास माझ्या ताटात यायचा. हे मला माहीत आहे.

"काकू, तुम्हाला काहीच आठवत नाही?"

"आठवतं गं. नीला आठवते, भाऊ आठवतात. सगळ्यांची नावं सांगते हवं तर. पण दार उघडलं की पुढे काय दिसायचं, तेवढंच... आमच्या ह्यांनाही विचारलं. ते म्हणाले, मलाही तेच विचारायचं होतं तुला. तळमजल्याच्या सोनूबाईंना फोन केला. त्या तर रडायलाच लागल्या."

मी डोळे मिटले. जिना चढले, म्हणजे चढायचा प्रयत्न केला. आमचं दार उघडलं. पलीकडे काही नव्हतं. अंधारही नव्हता. सगळं काढ, असं मीच ओरडले होते.

फोनवर काकूंचा श्वास येत होता.

"बोल ना गं काहीतरी," त्या म्हणाल्या.

"समोर," मी म्हटलं. "तुम्ही आमच्या समोर राहायचात, काकू."

"हो का?" जानकीकाकू म्हणाल्या. नवीन शेजाऱ्याची ओळख करून दिल्यावर माणूस बोलतं, तशा अदबीनं. "बरं झालं बाई सांगितलंस."